उंदीर, गोळ्या आणि एकनाथ खडसे

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत एक आकडा उच्चारला गेला : ३ लाख १९ हजार ४००. मंत्रालयात एवढे उंदीर होते आणि एका कंपनीने ते सात दिवसांत मारले, असं सरकारी कागद सांगतो, असा त्या भाषणाचा मुद्दा होता. बोलणारे होते मुक्ताईनगरचे आमदार एकनाथ खडसे. पक्ष भाजप, सरकारही भाजपचं. ज्या सामान्य प्रशासन विभागाचा तो कागद होता, ते खातं खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे. सभागृह हसलं, दुसऱ्या दिवशी देशभरातल्या पेपरांमध्ये बातमी आली, आणि ती क्लिप आजही आमच्या ग्रुपवर दर दोनचार महिन्यांनी कुणीतरी टाकतं. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात : ‘नाथाभाऊ ते नाथाभाऊ’, ‘असा माणूस मुख्यमंत्री व्हायला पाहिजे होता’.

ही दुसरी प्रतिक्रिया मला खटकते. क्लिपमध्ये एक आमदार त्याचं काम करतोय आणि आपण लगेच त्याला न मिळालेल्या खुर्चीबद्दल बोलायला लागतो. कादंबरीवर लिहिताना आपण लेखकाला पुरस्कार मिळाला की नाही इथून सुरुवात करत नाही. पुस्तक उघडतो, वाक्यं वाचतो. आमदाराचा मजकूर म्हणजे त्याने सभागृहात काय विचारलं आणि काय मांडलं. खडसेंची कारकीर्द या मजकुरावरून वाचली तर काय दिसतं, हे मला बघायचं आहे.

घरोघरची गोष्ट

आधी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. जळगाव जिल्ह्यात ती कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. कोथळी गावचा शेतकरी कुटुंबातला माणूस सरपंच होतो. १९९० मध्ये तेव्हाच्या एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर मतदारसंघातून आमदार होतो आणि सलग सहा निवडणुका जिंकतो. १९९५ च्या युती सरकारात मंत्री होतो. अर्थ आणि पाटबंधारे अशी खाती सांभाळतो. २००९ ते २०१४ विधानसभेत विरोधी पक्षनेता. २०१४ मध्ये सत्ता येते तेव्हा मुख्यमंत्रिपद त्याच्यापेक्षा बऱ्याच तरुण माणसाकडे जातं. याच्याकडे महसूल, कृषी आणि इतर खाती येतात. भोसरीतल्या एमआयडीसीच्या जमिनीच्या व्यवहारावरून आणि इतर आरोपांवरून जून २०१६ मध्ये राजीनामा. २०१९ मध्ये तिकीट नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीत प्रवेश, २०२२ मध्ये विधान परिषद.

या गोष्टीचं नाव ‘अन्याय’. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्या माणसाने खानदेशात पक्ष उभा करण्यात आयुष्य घातलं, त्याला त्या पक्षाने २०१९ मध्ये उमेदवारीसाठी ताटकळत ठेवलं आणि शेवटी ती मुलीला, रोहिणी खडसे यांना दिली. त्या दोन हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. एवढ्या फरकाने हरलेली निवडणूक कुणालाही कायम बोचत राहील.

पण या गोष्टीला एक साचा आहे आणि तो आपण खूप आधीपासून बघत आलो आहोत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ केला. उत्तम सिनेमा. पण त्याने आणि त्याच्या नंतरच्या अनेकांनी आपल्याला राजकारण बघायची एक सवय लावली : मधोमध खुर्ची, तिच्याभोवती डाव टाकणारी माणसं, आणि आमदार म्हणजे मोजायची डोकी. कुणाकडे किती आमदार? या सवयीत आमदाराला स्वतःचं असं काही कामच उरत नाही. तो खुर्चीकडे सरकतो किंवा खुर्चीपासून ढकलला जातो, एवढंच. २०१९ आणि २०२२ नंतर तर आपण हा सिनेमा बातम्यांमध्येच रोज बघतो.

गंमत म्हणजे मुक्ताईनगरच्या मतदारसंघाला याहून वेगळा इतिहास आहे. प्रतिभा पाटील १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, जळगावमधून आमदार झाल्या. १९६७ पासून १९८५ पर्यंत त्यांनी एदलाबादचं प्रतिनिधित्व केलं. १९७९-८० मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. म्हणजे तापी-पूर्णेच्या काठावरच्या या एका मतदारसंघाने राज्याला दोन विरोधी पक्षनेते दिले, तेही परस्परविरोधी पक्षांतले. आमच्याकडे प्रतिभाताईंचं नाव निघालं की २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या एवढंच निघतं. सभागृहात समोरच्या बाकावर बसून प्रश्न विचारण्याची ही परंपरा आपण मोजतच नाही.

भाषण जवळून

आता त्या भाषणाकडे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे त्यातलं गणित मला आधी दिसलं. रचना अगदी साधी आहे. एकूण आकडा घ्या आणि त्याला छोट्या छोट्या मापांनी भागत जा. ३ लाख १९ हजार ४०० भागिले ७ : दिवसाला सुमारे ४५ हजार ६२८ उंदीर. त्याला चोवीस तासांनी आणि साठ मिनिटांनी भागा : मिनिटाला ३१ पेक्षा जास्त. मग वजन : रोज नऊ टनांहून अधिक मेलेले उंदीर. मग ट्रक : एवढा माल रोज कुठे नेला, कुठे पुरला? मग तुलना : मुंबई महापालिकेला सहा लाख उंदीर मारायला दोन वर्षं लागली. शेवटी मांजरं : दहा मांजरं सोडली असती तरी काम झालं असतं.

मोठा आकडा ऐकून माणूस हसत नाही, कारण तो डोळ्यांसमोर येत नाही. ‘मिनिटाला एकतीस’ म्हटलं की येतो. सरकारी कागदावरचा निर्जीव आकडा ट्रकभर उंदरांपर्यंत आणून ठेवायचा आणि स्वतः चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, ही पद्धत आमच्याकडच्या पारावरची आहे. केळीच्या घडाचं वजन, व्यापाऱ्याची कटती, पट्टीवरची रक्कम यांचा हिशेब असाच मांडला जातो : चढ्या आवाजात नाही, तर समोरच्याचेच आकडे त्याला पुन्हा वाचून दाखवत. खडसेंच्या बोलण्याला रावेर-यावल-मुक्ताईनगर पट्ट्यातला जो सूर आहे, तो या पद्धतीला फार शोभतो. वक्तृत्व म्हणून मला हे भाषण आवडतं. शेर नाहीत, शिवरायांचे दाखले नाहीत, भागाकार आहे.

त्यानंतर सरकारचा खुलासा आला. ३ लाख १९ हजार ४०० हा उंदरांचा आकडाच नव्हे, तो विषारी गोळ्यांचा आकडा आहे. गोळीमागे दीड रुपया, एकूण खर्च ४ लाख ७९ हजार १०० रुपये.

आमच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. आकडा बरोबर असतो, एकक चुकलेलं असतं. कुणी सेकंद लिहितो, दुसरा ते मिलिसेकंद म्हणून वाचतो, आणि सगळी यंत्रणा बिनबोभाट चुकीचं उत्तर देत राहते. खुलासा खरा धरला तर मिनिटाला एकतीस उंदीर, रोजचा ट्रक, पुरायची जागा, सगळंच कोसळतं. पण खुलासा कुणाच्या लक्षात राहिला? मी आठदहा मित्रांना विचारलं. उंदीर सगळ्यांना आठवत होते, गोळ्या एकालाही नाहीत. विनोद एककाशिवाय चालतो. खुलाशाला एकक लागतं, म्हणून तो मागे पडतो.

आणि याच भाषणात आणखी एक गोष्ट होती, जी उंदरांइतकी फिरली नाही.

विखरण

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातल्या विखरण गावचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांनी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची सुमारे पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली होती. मोबदला मिळाला होता सुमारे ४ लाख रुपये. शेजारच्या जमिनींना कितीतरी जास्त मिळाले, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते म्हणणं घेऊन ते कार्यालयांचे उंबरे झिजवत होते. उंदरांच्या भाषणात खडसेंनी याचा उल्लेख केला : मंत्रालयात विष आणलं गेलं, साठवलं गेलं, त्या शेतकऱ्याने घेतलं ते हेच विष तर नव्हे?

भाषणाचा सगळ्यात गंभीर क्षण हा असायला हवा होता. पण तो मांजरांच्या आणि ट्रकच्या शेजारी आला. प्रश्न विचारला गेला तो विष कुठून आलं याबद्दल. पाच एकरांची किंमत कुणी आणि कशी ठरवली, हा प्रश्न त्या हशात मागे राहिला.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मंत्रालयातल्या उंदरांच्या गोळ्यांचा खर्च : ४ लाख ७९ हजार १०० रुपये. विखरणच्या शेतकऱ्याला पाच एकरांचा मोबदला : सुमारे ४ लाख रुपये. सरकारचा खुलासा खरा धरूनच हे गणित मांडता येतं. त्यात अतिशयोक्ती नाही, एककाचा घोळ नाही, रुपयाला रुपया आहे. ज्या इमारतीत त्या म्हाताऱ्याने विष घेतलं, त्या इमारतीतल्या उंदरांवर त्याच्या आयुष्यभराच्या जमिनीपेक्षा जास्त पैसे खर्च झाले. यावर कुणी हसलं नसतं. हा भागाकार सार्वजनिक चर्चेत आलेला माझ्या तरी वाचनात नाही.

खडसेंनी तो मांडायला हवा होता असं म्हणताना एक अडचण समोर येते. भूसंपादन आणि मोबदला हे जिल्हाधिकारी, प्रांत, तलाठी या महसूल यंत्रणेचं काम. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१६ या काळात राज्याचे महसूलमंत्री खडसेच होते. विखरणच्या एका निवाड्याची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकत नाही. एवढ्या मोठ्या खात्यात मंत्र्याच्या टेबलावर प्रत्येक फाइल येत नसते. पण मोबदल्याची पद्धत कशी चालते हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं फार कमी जणांना माहीत असणार. विष कुठून आलं हा प्रश्न सरकारकडे बोट दाखवतो. किंमत कशी ठरली हा प्रश्न विचारणाऱ्याकडेही बोट दाखवतो. चांगल्या प्रश्नकर्त्याची कसोटी या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात लागते.

प्रश्न कधी चालला

त्यांना हे जमलंच नाही असं नाही. २००९ ते २०१४ मध्ये विरोधी पक्षनेते असताना सिंचनाचा विषय विरोधकांनी लावून धरला. त्याच्या मुळाशी सरकारच्याच पुस्तकातला आकडा होता. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसत होतं की दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण ०.१ टक्क्याने वाढलं. खर्च हजारो कोटींमध्ये. या एका दशांशाने सरकारला हलवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, डिसेंबरमध्ये पवार परतही आले. श्वेतपत्रिकेतल्या दाव्यांवर वाद झाले. पण प्रश्नातून एक कागद जन्माला आला आणि तो आजही उघडून वाचता येतो. हशा पिकवणाऱ्या प्रश्नातून असा कागद निघत नाही.

या दोन प्रश्नांमधला फरक बुद्धीचा किंवा अभ्यासाचा नाही, वाक्याच्या कर्त्याचा आहे. २०१२ च्या प्रश्नात कर्ता होता कोरडवाहू शेतकरी : त्याच्या नावाने खर्च झालेला पैसा त्याच्या बांधापर्यंत का आला नाही? २०१६ नंतर हा कर्ता बदलत गेला. माझ्यावर आरोप झाले, माझी चौकशी झाली, माझं नेमकं चुकलं काय, या आशयाचं खडसे सभागृहात आणि बाहेर पुन्हा पुन्हा बोलले. भोसरीच्या प्रकरणात त्यांनी आरोप कायम नाकारले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१८ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, पुढे २०२१ मध्ये ईडीने त्यांच्या जावयाला अटक केली. यातलं खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. मी मजकुराबद्दल बोलतोय. मजकुरात ‘आमचं’ कमी झालं आणि ‘माझं’ वाढलं. उंदरांचं भाषण याच काळातलं आहे. कागद सरकारचा होता, पण नेम मुख्यमंत्र्यावर होता, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो हशा इतका मोठा होता आणि म्हणूनच विखरण त्यात बुडालं.

पुढचा प्रवास याच वाटेवरचा आहे. ज्या पक्षाच्या मंत्र्यांना सिंचनावरून धारेवर धरलं, त्याच पक्षात २०२० मध्ये प्रवेश. कारण म्हणून सांगितली गेली ती फडणवीसांनी दिलेली वागणूक. सिंचनाच्या त्या प्रश्नाचं काय झालं, हे त्या दिवशी विषयपत्रिकेवर नव्हतं. आमचं भुसावळ रावेर लोकसभा मतदारसंघात येतं. मतदान यंत्रावर मी ‘खडसे’ हे आडनाव पाहिलं ते रक्षा खडसे यांच्या नावापुढे, कमळासमोर. त्या २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. त्याच वर्षी रोहिणी खडसे शरद पवारांच्या पक्षातर्फे मुक्ताईनगरमधून लढल्या आणि पुन्हा हरल्या. एका घरात दोन पक्ष, यात मला नैतिक काही सांगायचं नाही. पण तीस वर्षांच्या कारकिर्दीचा वारसा काय, असं विचारलं की आमच्याकडे ही नावं सांगितली जातात. विचारलेल्या प्रश्नांपैकी एखादा पुढे कुणी चालवला का, हे कुणी सांगत नाही.

धुळ्याचा निकाल

प्रश्न कसा चालवतात याचं एक उदाहरण आमच्याच भागात आहे. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतला गैरव्यवहार. २००६ मध्ये जळगाव महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. आरोपींमध्ये सुरेश जैन होते, ज्यांचा शब्द जळगावात अनेक दशकं शेवटचा मानला जायचा. फिर्यादीपासून जैन यांच्या अटकेपर्यंत सहा वर्षं गेली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड. पुढे वरच्या न्यायालयात अपिलं झाली, जामीन झाले. तरीही तेरा वर्षं एक कागद पुढे सरकत राहिला, सरकारं बदलली, अधिकारी बदलले, आणि निकाल आला. या तेरा वर्षांची एकही मजेदार क्लिप नाही.

मी हे खडसेंना खाली दाखवण्यासाठी सांगत नाही. अधिकाऱ्याकडे फिर्याद असते, आमदाराकडे तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं का, हे बघायला विधिमंडळाची समिती असते, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हत्यारं आहेत. ती चालवायला चिकाटी लागते आणि तिला टाळ्या मिळत नाहीत.

म्हणून माझं मत असं. विरोधी बाकावरचे खडसे ही खानदेशाने राज्याला दिलेली खरी गोष्ट होती. मुख्यमंत्रिपद हुकलं हे त्यांचं नुकसान असेल. आपलं नुकसान वेगळं आहे. आकडे वाचता येणारा, कागद उलटून बघणारा, समोरच्याला त्याच्याच हिशेबात पकडणारा एक आमदार आपल्याकडे होता, आणि हळूहळू तो स्वतःच स्वतःच्या भाषणांचा विषय झाला. यात त्यांच्या पक्षाचा वाटा आहे, त्यांचा स्वतःचा आहे, आणि दर वेळी खुर्चीचीच गोष्ट मागणाऱ्या आपलाही आहे. आपण ‘मुख्यमंत्री व्हायला हवे होते’ असं लिहीत राहिलो, तर कुठला आमदार ०.१ टक्क्याच्या मागे चार वर्षं घालवेल?

तुमच्या आमदाराचं नाव आणि त्याने गेल्या अधिवेशनात विचारलेला एक प्रश्न, एवढं शोधून बघा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज असतं. मोबाइलवर वाचायला ते कंटाळवाणं आहे, अक्षर बारीक आहे, पीडीएफ जड आहेत. प्रश्न सापडला तर उत्तरातला आकडा बघा, आणि तो कशाचा आहे तेही बघा : उंदरांचा, गोळ्यांचा की एकरांचा.